अकाली जन्मलेल्या बाळाची हाडं कमजोर आहेत, मालीश करावी का?

तुम्ही लिहिलंय, तुमची मुलगी गरोदरपणाच्या २९ आठवड्यांनी जन्मली, वजन ११०० ग्रॅम. आता घरी आलीय आणि डिस्चार्ज कार्डवर हाडं कमजोर असल्याचं लिहिलंय. सासूबाई म्हणतात, मालीशवाल्या मावशींना लावा, अंग भरेल. डॉक्टर म्हणतात, इतक्यात मालीश नको. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे आणि अशाच बाळांच्या हाडांवर, हालचालींवर संशोधन करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. तुमच्या खाण्यापिण्यात काही कमी पडलं म्हणून हे झालेलं नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्यातलं जवळजवळ ८० टक्के शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून येतं. फॉस्फरसचंही तेच. तुमच्या मुलीचे त्यातलेच ११ आठवडे हुकले. आईचं दूध या बाळांसाठी उत्तमच, पण एवढ्या मोठ्या भरपाईला त्यातला फॉस्फरस पुरत नाही. म्हणून दुधात ही खनिजं असलेली पावडर मिसळतात, औषधाचे थेंब देतात आणि रक्तात फॉस्फरस नि अल्कलाइन फॉस्फटेज (हाडं कमजोर असली की वाढणारा रक्तातला घटक) पुन्हा पुन्हा तपासतात. बाळ गुटगुटीत दिसायला लागलं म्हणून ते थेंब आपल्या मनाने बंद करू नका.

आता ज्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही ते. शेवटच्या महिन्यांत पोटात जागा अपुरी पडते. बाळ पाय झाडतं, तो गर्भाशयाच्या भिंतीवर आदळतो, भिंत त्याला परत ढकलते. तो दाब आणि स्नायूंची ओढ यामुळेच हाड भरत जातं. ज्या बाळांना आजारामुळे पोटात हालताच येत नाही, त्यांची हाडं जन्मतःच बारीक असतात. काचेच्या पेटीतलं बाळ पाय झाडतं ते हवेत. समोर भिंतच नसते. नर्सेस टॉवेलच्या गुंडाळ्यांचं घरटं करून बाळाला त्यात ठेवतात, त्याचं एक कारण हेच: पाय बेडकासारखे बाहेर पसरून पडू नयेत आणि टेकायला काहीतरी मिळावं.

अमेरिकेत युटा विद्यापीठात लॉरी मॉयर-माइलर यांनी १९९५ साली अशी २६ बाळं घेऊन अभ्यास केला. निम्म्या बाळांना रोज ५ ते १० मिनिटं हळुवार व्यायाम दिला: सांधा वाकवायचा, सरळ करायचा, शेवटी किंचित दाब. ४ आठवड्यांनी त्या बाळांच्या कोपराखालच्या हाडात खनिज जास्त भरलेलं दिसलं. नंतरचे बरेच अभ्यासही त्याच दिशेचे आहेत. पण सगळे मिळून छोटेच, आणि फायदा पुढे वर्षभर टिकतो असं दिसलेलं नाही. त्यामुळे सरसकट प्रत्येक बाळाला हा व्यायाम द्या, असं मी म्हणणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी होकार दिला तरच, आणि कुणीतरी प्रत्यक्ष तुमचा हात धरून शिकवल्यावरच.

मी आयांना शिकवते ते असं. बाळ जागं, शांत, नुकतं प्यायलेलं नको. तळहात नुसता तळपायाला टेकवून ठेवायचा. ढकलायचं नाही, थांबायचं. थोड्या वेळाने ती इवलीशी टाच तुमच्या हातावर रेटा देते. तो रेटा पहिल्यांदा जाणवला की बहुतेक आया माझ्याकडे बघतात, आणि त्यातल्या पुष्कळ जणी स्वतःच्या पोटावरून हात फिरवतात. तोच पाय, तेच ढकलणं.

सासूबाईंचं म्हणूनच अगदी चूक नाही. बाळाला स्पर्श हवा, हालचाल हवी. धोका आहे तो ओढण्यात. हातापायांची उलटसुलट घडी घालणं, सांधे ताणणं, पाय धरून उलटं करणं, छाती रगडणं, हे या हाडांना झेपत नाही. बरगडी किंवा मांडीचं हाड मोडू शकतं. घरातल्यांच्या हातूनही एक चूक हमखास होते. लंगोट बदलताना दोन्ही घोटे एका हातात धरून कंबर वर उचलतात. तसं न करता कंबरेखाली हात सरकवा आणि बाळाला कुशीवर वळवा. काखेत धरूनही उचलू नका.

एखादा हात किंवा पाय बाळ हलवेनासं झालं, तिथे सूज आली, किंवा कपडे बदलताना दरवेळी कळवळून रडायला लागलं, तर फॉलोअपची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

बहुतेक बाळांची हाडं पहिल्या एक-दोन वर्षांत भरून येतात. पालथं पडणं, बसणं, चालणं यांचा हिशोब मात्र ११ आठवडे वजा करूनच करा, आणि शेजारच्या बाळाशी तुलना नको. वॉकर आणूच नका.

आणि पुढच्या फॉलोअपला जमलं तर मालीशवाल्या मावशींनाही सोबत न्या. माझ्याकडे आलेल्या एका मावशींनी पहिल्याच दिवशी टाचेचा तो रेटा माझ्याआधी ओळखला होता. फक्त कुठे थांबायचं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.