गरवणाऱ्यांचे प्रश्न : ऊन तापलं, पाणी नाही

या खेपेच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: थंडी सरली, ऊन चढलं, गळ टाकून बसलो, आणि मासा काही लागेना. खाडी, नदी आणि ओढा यांची उत्तरं मात्र एक नाहीत.

प्रश्न : दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो, म्हणजे हवा बदलली आहे. तरी पहाटे पाचपासून नऊपर्यंत नदीवर बसून एक चावा नाही. उन्हाळ्यात हीच वेळ हमखास होती. आमिष बदलू का?

उत्तर : आमिष नको, वेळ बदला. वजनाला वजन धरलं तर पाणी तापायला हवेच्या चौपट उष्णता लागते. म्हणून वसंतात हवा पुढे पळते आणि पाणी मागे रखडतं. माशाचं अंग जवळपास पाण्याइतकंच गार असतं. पाणी 5-6 अंशांवर असेल तर त्याचं पचन इतकं मंदावतं की एकदा खाल्लेलं बराच काळ पुरतं, आणि भक्ष्यामागे धावण्याचे कष्ट तो घेत नाही. उन्हाळ्यात पहाट चांगली, कारण रात्रभरात पाणी निवलेलं असतं. वसंतात तीच पहाट दिवसातली सर्वांत गार वेळ. साधारण दुपारी एक ते पाच ही तुमची वेळ धरा.

सोबत एक थर्मामीटर ठेवा. दोरीला बांधून, थोडं वजन लावून, काठापासून दूर सावलीतल्या पाण्यात अर्धा मीटर खोल सोडा आणि दोन मिनिटांनी वाचा. काठाजवळचं उथळ पाणी उन्हात लवकर तापतं, ते मोजून फसू नका. मिळालेल्या आकड्याइतकंच महत्त्व तो कुठे चालला आहे याला आहे. सकाळच्या 7 अंशांचे दुपारी 9 झाले तर मासा हलतो. कालच्या 11 चे आज 9 झाले असतील, म्हणजे रात्री आभाळ निरभ्र होतं किंवा गार पाऊस पडून गेला, तर आकडा तोच असूनही मासा तोंड मिटून बसतो. ट्राउटसारखा थंड पाण्यातला मासा साधारण 10 ते 16 अंशांत मन लावून खातो. उबदार पाण्यातल्या जातींना त्याहून बरंच जास्त लागतं.

तोपर्यंत मासा जोरदार धारेत सापडणार नाही. डोहाच्या तळाशी, धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं त्या रेषेच्या संथ बाजूला गळ ठेवा. 8 किंवा 10 नंबरचा गळ, त्यावर अर्धं गांडूळ, आणि ओढण्याचा वेग तुम्हाला स्वतःला कंटाळा येईल इतका कमी. या दिवसांत चावा हिसक्यासारखा येत नाही. दोरी नुसती जड होते किंवा वाहता वाहता थबकते.

प्रश्न : गळाच्या नंबरांचा घोळ समजत नाही. 10 मोठा की 6?

उत्तर : 6 मोठा. साध्या आकड्यांत नंबर वाढला की गळ लहान होतो. 1 च्या पुढे मोजणी उलटते: 1/0 हा 1 पेक्षा मोठा, 2/0 त्याहून मोठा, 4/0 आणखी मोठा. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकाच नंबरचे गळ नेमके सारखे नसतात, तेव्हा नवीन पाकीट जुन्या गळाशेजारी धरूनच घ्या.

प्रश्न : खाडीत वसंतात भरतीला बसावं की ओहोटीला? जाणकार दोन्ही सांगतात.

उत्तर : दोघंही बरोबर असतील, कारण भरती-ओहोटी दुपारी पडते की पहाटे, हे विचारल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

खाडीतलं सर्वांत उबदार पाणी उथळ चिखलपट्टीवर असतं. काळा चिखल ऊन शोषतो, पांढरी वाळू परतवते. आता दोन दिवस धरा. पहिल्या दिवशी ओहोटी माध्यान्हीला संपते. चिखल उघडा पडून तापतो, आणि दुपारची भरती त्या तापल्या चिखलावरून पसरत जाते. लहान मासे, कोळंबी त्या पाण्याबरोबर आत सरकतात, मोठा मासा त्यांच्या मागे. या दिवशी चढत्या पाण्याबरोबर आत सरकत चला. दुसऱ्या दिवशी भरती माध्यान्हीला पूर्ण होते. पट्टीवर साचलेलं पाणी तासभर उन्हात तापतं आणि दोननंतर ओहोटीबरोबर नाळेत, म्हणजे खाडीतल्या खोल वाटेत उतरू लागतं. मासा नाळेच्या तोंडाशी, खालच्या बाजूला टपून असतो. गळ तिथे. आणि तिसरा प्रकार, जो टाळायचा: पहाटेची ओहोटी. रात्रभर उथळात थंडगार झालेलं पाणी नाळेत उतरतं आणि नाळेतला मासाही गारठवतं.

दिवसाला दोन भरत्या येतात अशा किनाऱ्यावर भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आज साधलेली दुपार आठवड्याभराने साधणार नाही. तक्ता पाहूनच सुटी टाका.

सहा तासांच्या भरतीत पाणी एकसारखं चढत नाही. ढोबळ हिशेब बारा भागांचा: तासागणिक 1, 2, 3, 3, 2, 1. एकूण चढ 2.4 मीटर असेल तर पहिल्या तासात 20 सेंटीमीटर, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी 60. अर्धं पाणी या मधल्या दोन तासांत येतं. उधाणाच्या दिवशी, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, या दोन तासांत ओढ इतकी असते की 30 ग्रॅमचं शिसं जागेवर राहत नाही. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीला, उलट याच दोन तासांत कुठे पाणी धड हलतं. म्हणून उधाणाला सुरुवातीचा आणि शेवटचा भाग साधा, भांगाला मधला.

जुळणी सोपी ठेवा: मुख्य तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), त्यात सरकतं भोकाचं शिसं, मग मणी, मग स्विव्हल (गरगर फिरणारी जोडकडी), पुढे 40 ते 60 सेंटीमीटरचा तुकडा आणि 1/0 चा गळ. मणी नसेल तर शिसं गाठीवर आदळून गाठ खातं. शिसं तळाला जेमतेम धरेल इतकंच घ्या. वाहून गेलं तर 15 ग्रॅमनी वाढवा. सुरुवातच 90 ग्रॅमने केली तर गार पाण्यातला हलका चावा रॉडच्या टोकापर्यंत पोहोचतच नाही. कोळंबी शेपटीकडून ओवा आणि गळाचं टोक बाहेर उघडं ठेवा. मांसात बुडालेलं टोक माशाच्या जबड्यात शिरत नाही.

वाऱ्याचं एक. ऊबदार वारा सलग काठाकडे वाहत असेल तर तो वरचं तापलेलं पाणी त्या काठाशी ढकलतो. काठाकडून आत वाहणारा वारा ते घेऊन जातो आणि खालचं गार पाणी वर येतं. माणसं आडोसा पाहून बसतात, आणि मासा बऱ्याचदा समोरच्या वाऱ्याच्या काठाला असतो. वाराच बोचरा असेल तर मात्र हे गणित लागू नाही.

मुसळधार पावसानंतर खाडीत नदीचं गोडं पाणी वर तरंगतं आणि जड खारं पाणी तळाशी पाचरीसारखं घुसलेलं राहतं. वर चहासारखा रंग दिसला म्हणून परतू नका. खाऱ्या पाण्यातला मासा त्या पाचरीत असतो. आमिष वर तरंगतं ठेवणारा फ्लोट काढा, गळ तळाला सोडा.

प्रश्न : डोंगरावरचं बर्फ वितळू लागलं की आमची नदी रोज फुगते. हंगाम संपेपर्यंत घरीच बसायचं का?

उत्तर : रोज फुगते, तशी रोज उतरतेही. बर्फ दुपारच्या उन्हात वितळतं, रात्री थांबतं. बर्फाजवळच्या वरच्या भागात पाणी दुपारी उशिरा ते संध्याकाळी सर्वांत जास्त असतं. जितकं खाली याल तितका लोंढा उशिरा पोहोचतो, काही ठिकाणी मध्यरात्रीनंतर. तुमच्या जागी तो कधी येतो ते एका दगडावर खूण करून दोन दिवसांत कळतं. तो यायच्या आधीचे तास तुमचे. वर सांगितलेला दुपारचा नियम इथे थोडा मोडतो, कारण दुपारी ऊन वाढतं तसं वितळलेलं गार पाणीही वाढतं. उशिराची सकाळ धरा.

गढूळपणा मोजायला डब्याचं पांढरं झाकण दोरीला बांधून खाली सोडा. एक वीत जाऊन दिसेनासं झालं तर मुख्य धार सोडून द्या आणि एखादा स्वच्छ ओढा नदीला मिळतो तिथे बसा. दोन रंगांच्या पाण्याच्या शिवेवर मासा असतोच. अर्धा मीटर दिसतं आणि पाणी तपकिरीवरून हिरवट होत चाललं आहे, ही उतरत्या नदीची सर्वांत चांगली घडी. पाणी चढत असताना मासा विखुरतो, उतरताना ठरलेल्या जागी परततो. फुगलेल्या नदीत त्या जागा काठाला अगदी लागून असतात: मोठ्या दगडामागे, बुडालेल्या झुडपाखाली, वळणाच्या आतल्या बाजूला. भर धारेत लांब फेकणारे लोक आपल्या पायाजवळचा मासा घालवतात.

पाण्यात उतरून गरवत असाल तर मांडीच्या वर जाऊ नका, काठी वरच्या अंगाला टेकवा आणि खूण केलेला दगड पाहत राहा. पाय सुटलाच तर उभं राहायची धडपड नको. पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवून संथ पाण्याकडे जा. 15 अंशांखालच्या पाण्यात पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही. त्या मिनिटात तोंड पाण्याबाहेर ठेवणं एवढंच काम.

प्रश्न : लहान ओढ्यात मासे डोळ्यांना दिसतात, पण गळ पडायच्या आत पसार होतात.

उत्तर : तुम्ही दिसताय. मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणून खालून वर चालत या. खालून पाहताना बाहेरचं सगळं जग त्याला सुमारे 97 अंशांच्या शंकूतून, वर गोल खिडकी असावी तसं दिसतं. एक मीटर खोल असलेल्या माशाची खिडकी साधारण सव्वादोन मीटर रुंद. पाण्याच्या सपाटीपासून 10 अंशांहून कमी उंचीवर असलेलं त्याला फारच चेपलेलं, अंधुक दिसतं. वाकून, गुडघ्यांवर येऊन टाकलेला गळ उभ्याने टाकलेल्यापेक्षा चांगला, तो या कारणाने. ऊन पाठीशी असेल तर सावली पाण्यावर पडते, तेव्हा बाजू बदला. पाय आपटू नका, दाणदाण चालणं पाण्यात लांबवर पोहोचतं. गळाच्या वर 15 ते 30 सेंटीमीटरवर एक बारीक फुटकं शिसं, म्हणजे दोरी बसवायला चीर असलेला शिशाचा गोळा, दाबा. ते तळाला अधूनमधून टेकत, पाण्याच्याच वेगाने वाहिलं पाहिजे. दोरी ताणून आमिष धारेत आडवं ओढलं गेलं की मासा ओळखतो.

प्रश्न : तंगूस दर वेळी गाठीशीच तुटतं. जाड घेऊ का?

उत्तर : जाड घेतलंत तर तीच चूक जाड दोरीत होईल. सुकी गाठ आवळली की घर्षणाने नायलॉन तापून कमकुवत होतं. आवळण्याआधी थुंकीने किंवा पाण्याने भिजवा. पालोमार गाठ शिका: 15 सेंटीमीटर दोरी दुहेरी करा, तो फास गळाच्या डोळ्यातून काढा, दुहेरी दोरीची साधी सैल गाठ मारा, गळ त्या फासातून पार करा, भिजवा, आणि दोन्ही टोकं एकत्र धरून हळू ओढा. 3 मिलिमीटर ठेवून कापा. बिघडते ती दोन ठिकाणी: दुहेरी दोरी एकमेकीवर चढते, किंवा फास डोळ्यावरच अडकून राहतो.

रिळाचा ब्रेक, म्हणजे माशाने जोर केला की दोरी सुटू देणारा भाग, तोही तपासा. तो दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर सुटला पाहिजे. 6 किलोच्या दोरीला ताणकाट्यावर दीड ते दोन किलो. ब्रेक आवळून हंगामभर नुसत्या ठेवलेल्या रिळातल्या ब्रेकच्या चकत्या चिकटतात आणि पहिला मोठा मासा दोरी घेऊन जातो, म्हणून ठेवताना ब्रेक सैल करून ठेवा. ब्रेक सुटत असताना हँडल फिरवत राहिलात तर दोरीला पीळ बसतो. गेल्या वर्षीचं, उन्हात राहिलेलं तंगूस काढूनच टाका.

प्रश्न : हवेचा दाब घसरला की मासा खातो, हे खरं?

उत्तर : दाबावर फार भिस्त ठेवू नये. हवेचा एक हेक्टोपास्कल म्हणजे पाण्याची सुमारे एक सेंटीमीटर खोली. मोठं वादळ 20 हेक्टोपास्कलचा फरक आणतं, तेवढा मासा वीतभर वर-खाली झाला की सहज अनुभवतो. वादळाबरोबर ढग आणि वारा येतात, उजेड कमी होतो, पाण्यावर लाटा उठतात आणि मासा निर्धास्त होतो. बहुधा श्रेय त्यांचं.

प्रश्न : वसंतात अंड्यांनी भरलेल्या माद्या लागतात. सोडल्या तर जगतात का?

उत्तर : नीट हाताळल्या तर बहुतेक जगतात. आधी तुमच्या पाण्याचे नियम पाहा. विणीच्या काळात अनेक ठिकाणी काही जातींना किंवा अख्ख्या पट्ट्यांना बंदी असते, आणि तिथे 'सोडणार होतो' हे उत्तर चालत नाही. वाळूत, खड्यांत स्वच्छ केलेले गोल चट्टे दिसले तर ती घरटी. त्यावर गळ टाकू नका, त्यावरून चालूही नका.

गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून बसवून टाका. आमिषाला वर्तुळाकार गळ वापरलात तर तो बहुधा तोंडाच्या कोपऱ्यात बसतो. मात्र त्याला हिसका द्यायचा नाही, नुसतं हळू गुंडाळायचं. हिसका दिलात तर तो तोंडातून निसटतो. हात ओले करा, कोरड्या हाताने किंवा फडक्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. मासा शक्यतो पाण्यातच ठेवून सोडवा. फोटो हवाच असेल तर तुम्ही श्वास रोखू शकाल तेवढ्या वेळात, एक हात पोटाखाली देऊन. गळ घशाखाली गेला असेल तर ओढाताण नको, तंगूस तोंडाशी कापा. सोडताना तोंड प्रवाहाकडे धरा. पुढे-मागे ढकलू नका. शेपटीला जोर आला की तो आपणच सुटतो.