सरकारी अनुदानावरचं संशोधन म्हणजे अधांतरी करिअर का?

पत्र : माझी मुलगी पुण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूशास्त्र. हल्ली तिने भूऔष्णिक ऊर्जेत, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून मिळणाऱ्या ऊर्जेत, संशोधन करायचं मनावर घेतलंय. मी चौकशी केली तर कळलं, की भारतात या ऊर्जेवर चालणारं एकही मोठं वीजकेंद्र नाही. जे काही चालतं ते सरकारी अनुदानावर. उद्या अनुदान थांबलं तर? त्यापेक्षा डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स करून आयटीत जावं, असं मला वाटतं. शिवाय डोंगरदऱ्यांत हिंडणं आलं. काय करावं? (एक पालक, कोथरूड)

नमस्कार,

अनुदान थांबतं, आणि काम बंदही पडतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या फेंटन हिल इथे १९७० च्या दशकात तापलेल्या कोरड्या खडकातून उष्णता काढण्याचा पहिला मोठा प्रयोग सरकारी पैशावर झाला. पुढे पैसा आटला आणि तो गुंडाळावा लागला. आपल्याकडे लडाखच्या पुगा खोऱ्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७० च्याच दशकात विंधनं (यंत्राने पाडलेली खोल भोकं) घेतली होती. तिथे १ मेगावॅटच्या प्रायोगिक प्रकल्पाचा करार व्हायला मात्र फेब्रुवारी २०२१ उजाडला. तेव्हा तुमची शंका रास्त आहे.

पण या क्षेत्रात सरकारी पैसा का लागतो, तेही पाहा. सौरऊर्जेत ऊन किती पडतं हे आधी मोजता येतं. इथे दोन-तीन किलोमीटर भोक पाडल्याशिवाय खाली पुरेशी उष्णता आणि पाणी आहे का, हे नक्की कळत नाही. सगळा खर्च आधी करायचा आणि विहीर कोरडी निघाली तर तो बुडाला. ही जोखीम सुरुवातीला खासगी कंपनी घेत नाही. युटा राज्यात मिलफर्ड गावाजवळ अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या पैशातून युटा विद्यापीठाने ‘फोर्ज’ ही भूमिगत प्रयोगशाळा उभारली, दोनशे अंशांहून जास्त तापलेल्या ग्रॅनाइटमध्ये विहिरी घेतल्या आणि त्यांची माहिती सर्वांसाठी खुली केली. आज त्याच परिसरात फर्वो ही खासगी कंपनी वीजप्रकल्प उभारते आहे. म्हणजे अनुदानाचा काळ हा या क्षेत्राचा पहिला टप्पा असतो, आणि माणसं घडतात ती याच टप्प्यात. भारत आत्ता तिथेच आहे. देशाची क्षमता सुमारे १०,६०० मेगावॅट असल्याचा अंदाज जुनाच आहे, पण राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण आलं ते सप्टेंबर २०२५ मध्ये.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. तिला जाऊ द्या. मात्र तिने ‘भूऔष्णिक’ या नावावर न विसंबता जमिनीखालचं ओळखण्याचं कसब कमवावं. म्हणजे भूभौतिकी (भौतिकशास्त्राच्या मोजमापांवरून जमिनीखालचं ओळखणं), भूजल-रसायन आणि खोल विंधन. ते असलं की एखादा प्रकल्प बंद पडला तरी भूजल, तेल-वायू, बोगदे, धरणं, भूकंपविज्ञान, कुठेही जागा मिळते.

हे कसब कसं असतं, त्याचं एक उदाहरण देतो. दापोली तालुक्यातल्या उन्हवरे किंवा संगमेश्वरजवळच्या तुरळ-राजवाडी इथले गरम पाण्याचे झरे घ्या. झऱ्याचं पाणी वर येता येता गार होतं, पण खोलवर तापलेल्या खडकातून त्यात विरघळलेली सिलिका (वाळूतला मुख्य घटक) तितक्या लवकर बाहेर पडत नाही. त्यामुळे सिलिका मोजली, की ते पाणी खाली किती तापलं होतं याचा अंदाज बांधता येतो. यात हात बसलेला असावा लागतो. तापमान आणि सामू (पीएच) झऱ्याच्या तोंडाशीच घ्यायचा. नमुना तिथेच गाळायचा आणि सिलिका मोजण्यासाठीच्या बाटलीत मोजून शुद्ध पाणी घालून तो तिथल्या तिथे पातळ करायचा, नाहीतर गार होताना सिलिकेचे कण जमतात आणि आकडा कमी येतो. वर येताना त्यात साधं भूजल मिसळलं असेल तर हिशेब आणखी चुकतो, तो दुरुस्त करावा लागतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला शिक्षकांच्या मदतीने करता येईल असं हे काम आहे. चिपळूण-संगमेश्वरच्या दोन दिवसांच्या सहलीत होतं, गटाने जायचं असतं, त्यामुळे डोंगरदऱ्यांची धास्ती नको. आजकाल फील्डवर मुली भरपूर असतात.

पुण्यात राहण्याचा तिला फायदाच आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय इथेच आहे, सुट्टीतल्या प्रशिक्षणासाठी तिथे अर्ज करावा. सुमारे १६० किलोमीटरवर कराडला केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची खोल विंधनाची प्रयोगशाळा आहे. १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेच्या धरणीकंपांचा जो अभ्यास सुरू झाला, त्याचा भाग म्हणून २०१७ मध्ये गोठणे इथे सुमारे ३ किलोमीटर खोल विहीर पूर्ण झाली. साधारण सव्वा किलोमीटर बेसॉल्ट (सह्याद्रीचा काळा कातळ) ओलांडल्यावर खालचा ग्रॅनाइटी खडक लागला. उद्देश भूकंपाचा, पण इतक्या खोल विहिरीत उपकरणं सोडून तापमान आणि ताण मोजणं हे भूऔष्णिक कामातही तितकंच लागतं. भूऔष्णिक कामात खडकात दाबाने पाणी घातल्यावर भूकंपाचे धक्के बसू शकतात. स्वित्झर्लंडमधल्या बासेलला २००६ मध्ये आणि दक्षिण कोरियात पोहांगला २०१७ मध्ये ते बसलेही. त्यामुळे भूकंप जाणणाऱ्या माणसाला या क्षेत्रात किंमत आहे.

आता पैशाचं. पीएचडीत दोन प्रकारचे पगार असतात आणि पालक इथेच गोंधळतात. एखाद्या प्राध्यापकाला मिळालेल्या प्रकल्पावरची जागा प्रकल्प संपला की संपते, हप्ता लांबला की मानधनही लांबतं. नेट परीक्षेतून मिळालेली ज्युनियर रिसर्च फेलोशिप मात्र विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर असते. पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं, आणि एकूण पाच वर्षांपर्यंत. तुमची भीती पहिल्या प्रकाराची आहे, तेव्हा तिने दुसऱ्यासाठी झटावं. प्रकल्पावर जायची वेळ आलीच, तर मंजुरी किती वर्षांची आणि त्यातली किती उरली, हे मार्गदर्शकांना आधी विचारावं. चांगले मार्गदर्शक या प्रश्नाने दुखावत नाहीत.

डेटा ॲनालिटिक्सही सोडू नका. फक्त त्यासाठी आयटीत जायलाच हवं असं नाही. पायथॉन ही संगणकाची भाषा तिला हवीच, आणि फोर्जच्या विहिरींची खुली माहिती फुकट मिळते, तिच्यावरच शिकावं. भूशास्त्राच्या मुलांचं गणित कच्चं राहतं, इथे ते चालणार नाही. उष्णतेचं वहन समजायला कॅल्क्युलस लागतं, तेवढं याच वर्षी पक्कं करून घ्यावं.

पुढचं पाऊल एमएस्सी. आयआयटी मुंबईत उपयोजित भूशास्त्र आणि उपयोजित भूभौतिकी दोन्ही आहेत, प्रवेश जॅम परीक्षेतून. ती फेब्रुवारीत असते, अर्ज आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरायचा. तिसऱ्या वर्षात देता येते, म्हणजे तयारी या उन्हाळ्यात सुरू व्हायला हवी. एमएस्सीनंतर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षाही आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या कायम नोकरीची ती वाट, आणि घरात स्थैर्याची चर्चा होते तेव्हा तिचा उल्लेख जरूर करा. जॅमला कमी गुण पडले, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून एमएस्सी करून नेटला बसणंही तितकंच चांगलं.