ट्रक जिथे थांबतात तिथलं जेवण चांगलं असतं, हे खरं का? आणि ट्रक ड्रायव्हर रोज खातात तरी काय?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: ट्रक उभे असतील त्याच ढाब्यावर जेवावं यात तथ्य किती, आणि आम्ही लोक रस्त्यावर रोज खातो काय, राहतो कसे. मी निफाड तालुक्यातला. बारा टायर ट्रकवर ड्रायव्हर आहे. पिंपळगाव बसवंतहून दिल्लीच्या आझादपूर मंडीला कांदा, आणि येताना मिळेल ते भाडं. त्यामुळे जे सांगतोय ते आग्रा रोडचं, म्हणजे मुंबई-आग्रा हायवेचं. खाली बेंगळुरू-चेन्नईला चालणारा वेगळं सांगेल.

पहिल्या भागाचं उत्तर: अर्धं खरं.

ट्रकवाला ढाबा निवडतो तो आधी जागा बघून. लोड गाडी रिव्हर्स न मारता वळून बाहेर पडेल का, जमीन पक्की आहे की पावसात चाक रुतेल, हे पहिलं. मग पाणी. बोअर चालू आहे का, हौद भरलेला आहे का. तिसरं म्हणजे रात्री तिथे कुणी जागं असतं का. आपला डोळा लागला की टाकीतलं डिझेल काढणारे, बॅटरी आणि स्टेपनी उचलणारे कुठल्याही रस्त्यावर भेटतात. या तिन्हींत ढाबा पास झाला, मग डाळीचा विचार. एखाद्या ढाब्यापुढे रात्री गाड्यांची रांग दिसते, ती तिथला मालक टॉर्च घेऊन रात्रभर फेऱ्या मारतो म्हणून. डाळ पातळच असते त्याची. आणि जिच्या हाताला अख्ख्या धुळ्यात तोड नाही अशा एखाद्या मावशीची खानावळ असते भर बाजारपेठेत. तिथे आमची गाडी शिरणार कशी? भूक लागली म्हणून आम्ही जेवत नाही, गाडी लावायला जागा मिळाली म्हणून जेवतो.

उरलेलं अर्धं खरं यासाठी, की गाड्या जास्त तिथे काही शिळं राहत नाही. तंदूर विझत नाही, पीठ दर दोन-तीन तासांनी नव्यानं मळलं जातं, पातेलं संपतं आणि पुन्हा चढतं. चव कशीही असो, पोट सहसा बिघडत नाही.

आता रोजचं. सकाळी फक्त चहा, सोबत टोस्ट नाहीतर बिस्किटाचा पुडा. गाडी चालवायची असते तेव्हा सकाळी पोट हलकं बरं. पहिलं जेवण अकरा-बाराला, दुसरं रात्री नऊ-दहाला, मध्ये चहा किती होतो ते कुणी मोजत नाही. दिवसा भात शक्यतो नाही. भातानं झापड येते आणि समोर घाट असतो. डाळ फ्राय, रोटी, कांदा, मिरची हे आमचं रोजचं. रोटी मी तव्यावरची मागतो. तंदुरी गरम आहे तोवर ठीक, गार झाली की चामड्यासारखी ओढावी लागते, आणि निम्म्या जेवणात फोन येतोच की गाडी कुठवर आली.

रस्त्याबरोबर ताट बदलत जातं. मालेगाव सोडलं की धुळे-शिरपूरपर्यंत शेवभाजीचं राज्य. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर लाल तर्री. इथे एक खूण सांगून ठेवतो: शेव वेगळी वाटीत मागायची आणि बसल्यावर, खाता खाता रश्श्यात टाकायची. आधीच टाकून आणली तर ताट समोर येईतो तिचा लगदा होतो, आणि शिळी शेव खपवायची झाली तर ती आधीच टाकलेली असते. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मिळाली तर रोटीकडे बघू नका. पळासनेर ओलांडून बिजासन घाट चढलात की देवीपुढे गाडी हळू करून हात जोडायचे, खलघाटला नर्मदेत नाणं टाकायचं, आणि इथून पुढे हिंदीत ऑर्डर. इंदूर बायपासला सकाळ गाठली तर पोहे, वर बारीक शेव, बाजूला जिलेबी. आपल्याकडच्या पोह्यांपेक्षा गोडसर असतात, मला आवडतात, माझ्या जोडीच्या ड्रायव्हरला अजिबात नाही. त्या पट्ट्यात दाल-बाफलाही मिळतो, पण बाफला तुपात बुडवलेला असतो. तो खाऊन स्टिअरिंगवर बसू नये, झोपायला जावं. ब्यावरा, गुना, शिवपुरी हा लांबलचक तुकडा, तिथे पुन्हा डाळ-रोटी. ग्वाल्हेर-मुरैन्यापासून फोडणी मोहरीच्या तेलाची. सवय नसेल तर पहिला घास नाकात जातो. मुरैन्याची गजक मात्र थंडीत घरी आणावीच लागते, नाहीतर पोरं दारातच पिशवी तपासतात.

आमच्या ताटातल्या कांद्याचं एक सांगायला हवं. 2019 च्या डिसेंबरमध्ये कांदा किरकोळ बाजारात शंभरीपार गेला होता, तेव्हा ढाब्यांवर कांद्याच्या जागी मुळा यायला लागला. मागे 20-22 टन कांदा लोड, आणि पुढ्यात मुळ्याच्या चकत्या. ढाबेवाला म्हणायचा, उस्ताद, एक गोणी इथेच उतरवा, जेवण फुकट. गोण्या मोजून भरलेल्या आणि मोजून उतरवायच्या असतात, हे त्यालाही माहीत होतं.

कांदा, टोमॅटो, द्राक्ष याला आमच्यात कच्चा माल म्हणतात. कच्चा माल असला की जेवणाची वेळ आपली राहत नाही. पिंपळगाव ते दिल्ली साधारण 1200 किलोमीटर. दोन ड्रायव्हर असले की एक झोपतो, एक चालवतो, आणि दीड-दोन दिवसांत मंडी गाठायची. कांदा जाळीच्या गोण्यांत असतो, त्याला वारा लागतो, म्हणून ताडपत्री घट्ट आवळता येत नाही. आणि पावसाचं पाणी आत गेलं तर वास सुटतो. मग आभाळ भरून आलं की ताटावरून उठावं लागतं. गंमत बघा, कांद्याला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागत नाही. परतीच्या कारखान्याच्या मालाला लागतं, त्याची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस अशी असते. कागद ज्याला आहे त्या मालासोबत निवांत जेवता येतं, आणि कागद ज्याला नाही तो कांदा मात्र ढेकर देऊ देत नाही.

जेवायला थांबलो तरी आधी गाडी, मग आपण. क्लीनर पोरगा उतरून टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, एकेक टायर ठोकतो. चांगल्या हवेच्या टायरचा आवाज टणटणीत येतो, हवा कमी असेल तर भद्द. जोडीचा आतला टायर डोळ्यांना दिसत नाही, तो कानानंच ओळखायचा. मग दोर ओढून बघायचे, हौदावर हात-पाय-तोंड धुवायचं, आणि खाटेवर मांडी घालायची. खाटेवर आडवी फळी टाकलेली असते, तेच टेबल. मऊ खुर्च्या असलेल्या ढाब्यावर आम्ही दिसत नाही याचं कारण पैसा आहेच, पण बारा तास सीटवर बसलेल्या माणसाला खुर्ची नको असते, पाय वर घ्यायचे असतात.

स्वतः रांधणं हा वेगळाच विषय. तमिळनाडूचे, विशेषतः नामक्कलकडचे ड्रायव्हर यात पक्के. गाडीच्या सावलीत भात, रसम, वर लोणचं, अर्ध्या तासात जेवून भांडी घासून मोकळे. आपल्याकडचे ढाब्यावरच भागवायचे. निदान मी तरी. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा ही सवय बदलली. मालाच्या ट्रकना परवानगी होती, कांदा चालू होता, पण ढाबे बंद. परवाना असलेली गाडी आणि उपाशी ड्रायव्हर, अशी गत. सेंधव्याच्या पुढे गावातली पोरं रस्त्याकडेला खिचडीची पातेली घेऊन उभी असायची, त्यांच्यामुळे निभावलं. हायवेवरचे ढाबे आणि गाडीदुरुस्तीची दुकानं उघडायला सरकारनं 20 एप्रिलपासून मोकळीक दिली. त्या दिवसांत घेतलेला पाच किलोचा सिलिंडर अजून गाडीत आहे. बाजूच्या पेटीत कुकर, तवा, पोळपाट, पिठाचा डबा, डाळ-तांदूळ, तिखट-मीठ. केबिनमध्ये पेटवायचा नाही, पंपाच्या आवारात तर अजिबात नाही. चाकांना दगडाची ओट लावून, वाऱ्याला आडोसा करून, गाडीपासून चार पावलं लांब.

घरून निघताना ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या असतात. पाण्यात मळलेली भाकरी दुसऱ्या दिवशी वातड होते. दुधात मळलेली दशमी शिवपुरीपर्यंत मऊ राहते. ती संपेतो ढाब्यावर फक्त चहा घ्यायचा.

खरा खर्च चालत्या गाडीत होत नाही, उभ्या गाडीत होतो. आझादपूरला माल खाली झाला की जवळच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात परतीच्या भाड्याची वाट बघायची. एक दिवस, कधी तीन. बहुतेक मालक भत्ता फेरीवर देतात, दिवसावर नाही. दोन वेळचं जेवण, चहा, नाश्ता धरून माणशी तीनशे-साडेतीनशे रुपये सहज जातात. तिथे कुकरची शिट्टी झाली की तेवढे पैसे घरी जातात. म्हणून तिथे संध्याकाळी गेलात तर दर चौथ्या गाडीमागे स्टोव्ह दिसेल, आणि पाच राज्यांच्या फोडणीचा वास एकत्र येईल.

अंघोळ हौदावर, चड्डीवर, सगळ्यांसमोर. लाज पहिल्या वर्षात जाते. जानेवारीत ग्वाल्हेरकडे गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे पैसे देतो आणि कुरकुर करत नाही. कपडे केबिनमागच्या दोरीवर वाळतात, धुळीसकट. शौचाला पंप. तेल कंपन्यांनी काही पंपांवर ड्रायव्हरसाठी ‘अपना घर’ काढलीत: झोपायला खाटा, न्हाणीघर, स्वच्छ संडास, स्वतः रांधायला जागा. चांगली सोय आहे. अडचण एवढीच, की झोप जिथे येते तिथे ते असेलच असं नाही.

झोप म्हणजे सीटमागची बर्थ, उन्हाळ्यात केबिनच्या टपावर. मे महिन्यात शिवपुरी-ग्वाल्हेरला बाहेर 45 अंश, आणि केबिनमध्ये इंजिनचा ताव वेगळा. ओला टॉवेल गळ्यात, तो पाव तासात कोरडा. पूर्वी गाडीला बाहेरून कापडी छागल, म्हणजे पाण्याची पिशवी, टांगलेली असायची, वाऱ्यानं पाणी गार राहायचं. आता वीस लिटरचा जार, त्यातलं पाणी दुपारी चहाला चालेल इतकं तापतं. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय. नव्या गाडीवरच्यांचं भलं झालं. जुन्या गाड्या अजून बरीच वर्षं धावतील, त्यातली एक माझी.

कायद्यानं, म्हणजे नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं, आमचं काम होतं दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. हे वाचून दाखवलं तर ढाब्यावर हशा पिकायचा. पहाटे तीन ते पाच ही वेळ सगळ्यांत वाईट. तेव्हा चहा काही करत नाही, तंबाखूची पुडीही नाही, फक्त झोप करते. एकटा असेन तर त्या दोन तासांत गाडी उभी करतो, मग मालकानं कितीही फोन केले तरी.

दारूचं सगळे विचारतात म्हणून: पिणारे आहेत, न पिणारे जास्त आहेत. खऱ्या तक्रारी वेगळ्याच. मूळव्याध, अ‍ॅसिडिटी, शुगर, कंबर. बसून काम, रात्री उशिरा तेलकट, पाणी कमी प्यायचं कारण थांबायला जागा नाही. मी आता रात्रीच्या भाजीवरची तर्री काढून ठेवतो आणि शिरपूरला केळी घेतो. ढाबेवाला तोंड वाकडं करतो, करू दे.

तुम्ही कारनं निघाला असाल तर बारा ते एक किंवा रात्री नऊच्या सुमाराला जेवायला थांबा, तेव्हा डाळ नुकती उतरलेली असते. दुपारी चारला मिळते ती गरम केलेली. भाजी विचारण्याआधी हौद बघा. हौद स्वच्छ असेल तर आतलं स्वयंपाकघरही बहुधा बरं असतं. बायका-पोरं सोबत असतील तर गाड्यांच्या रांगेपेक्षा दाराची कडी असलेला संडास शोधा. आणि कार आमच्या गाडीच्या पुढ्यात आडवी लावू नका. आम्ही झोपलेले दिसतो, पण मंडीची वेळ गाठायला कधीही उठून निघतो, आणि तेव्हा तुम्ही आत पोरांसाठी मसाला डोसा मिळतो का ते विचारत असता.