जॉबकार्ड हातात आल्याशिवाय चावी देऊ नकोस

चि. पोरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. नवी कॅम्पर, म्हणजे आत राहण्याची सोय केलेली गाडी, घरी येऊन पाच आठवडे झाले आणि त्यातले अठरा दिवस ती वर्कशॉपला होती. छतावरच्या व्हेंटपाशी पाणी उतरतं, फ्रिज पहाटे बंद पडतो, मागचं दार खड्ड्यात आपोआप उघडतं. डीलर गाडीवर बॉडी बांधणाऱ्या बॉडीवाल्याकडे बोट दाखवतो, बॉडीवाला बॅटरी कंपनीकडे. एवढं सगळं सांगून तू विचारतेस काय, तर ‘लेखी तक्रार केली तर वर्कशॉपच्या ॲडव्हायझरला वाईट वाटेल का?’

वाटू दे. तो भला माणूस असेल, चहा पाजत असेल, फोनही उचलत असेल. पण उद्या त्याने नोकरी बदलली तर त्याच्या भलेपणासोबत तुझी तक्रारही जाईल. तीनदा गाडी नेलीस आणि हातात जॉबकार्ड, म्हणजे बिघाड आणि काम नोंदवलेला वर्कशॉपचा कागद, एकच. त्यावरही काय, तर ‘जनरल चेकअप’. म्हणजे त्यांच्या दप्तरी तुझं छत कधी गळलंच नाही. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी झाली ही. तोंडी तक्रार ही तक्रार नव्हे. हे वाक्य मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नकोस.

आधी जॉबकार्डाचं बघ. चावी देण्याआधी ते उघडायला लावायचं. त्यावर तारीख, वेळ, किलोमीटर आणि प्रत्येक बिघाड वेगळ्या ओळीत. ओळ तू सांगायची, त्याने टाइप करायची, आणि सही करण्याआधी तू वाचायची. बिघाडाचं कारण तू लिहू नकोस, जे दिसलं ते लिही. ‘फ्रिज खराब’ ही ओळ निरुपयोगी. ‘इंजिन बंद, रात्री २ वाजता बॅटरीवर १२.९ व्होल्ट, फ्रिजच्या प्लगवर ११.६ व्होल्ट, कंप्रेसर सुरू होऊन बंद पडतो’ ही ओळ कामाची. दुसऱ्यांदा तोच बिघाड आला तर शब्दही तेच ठेव आणि पुढे लिही, ‘दुसऱ्यांदा, आधीचं जॉबकार्ड अमुक तारखेचं’. एकच दोष परत परत आला हे सिद्ध करायला याहून सोपा पुरावा नाही. आपल्याकडे सदोष गाडी ठरावीक फेऱ्यांनंतर परत घ्यायला लावणारा वेगळा कायदा नाही, त्यामुळे फेऱ्यांचा हिशेब तुलाच ठेवायचा आहे.

गाडी परत घेताना ते समाधानपत्र पुढे सरकवतात आणि सही केल्याशिवाय गेटपास देत नाहीत. सही कर, पण सहीच्या वर आपल्या हाताने लिही : ‘बिघाड क्र. १ व ३ बाकी, पाण्याची चाचणी माझ्यासमोर झालेली नाही.’ आणि फोटो काढ. ते कुरकुरतील. तू शांतपणे उभी राहा.

आता फ्रिज. व्होल्टचे जे आकडे तू पाठवलेस त्यातच उत्तर आहे. बॅटरीवर १२.९ आणि प्लगवर ११.६ म्हणजे वाटेत १.३ व्होल्ट खाल्ले जातात, दहा टक्के. बारा व्होल्टच्या लाइनवर तीन टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण ०.४ व्होल्ट घट चालते. हिशेब कर : बॅटरीपासून फ्रिज सहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर तांब्याची वायर. १.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली असेल तर ५ अँपिअरला जवळजवळ ०.७ व्होल्ट तिथेच संपतात. कंप्रेसर सुरू होताना करंट आणखी वाढतो, त्यात एखादं ढिलं क्रिंप, म्हणजे वायरच्या टोकाचा दाबून बसवलेला जोड, असलं की फ्रिजचा लो-व्होल्टेज कटऑफ लागतो, म्हणजे व्होल्ट कमी पडले म्हणून तो स्वतःच बंद होतो. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची असती तर घट ०.२६ व्होल्ट. बॅटरी बदलून हे जाणार नाही, कंपनीकडे पाठवून तर मुळीच नाही. दोष वायरिंगचा आहे आणि वायरिंग बॉडी बिल्डरचं आहे. पण हे निदान तू जॉबकार्डावर लिहायचं नाहीस. दोन्ही टोकांचे आकडे लिहायचेस, मीटरच्या फोटोसकट. निदान त्याने लिहावं आणि त्याखाली त्याची सही यावी.

तुझा इन्व्हर्टर २००० वॉटचा आहे ना? पूर्ण लोडवर तो बॅटरीतून १७० अँपिअरच्या आसपास खेचतो. केबल हाताला गरम लागली किंवा बॅटरीजवळ फ्यूज दिसला नाही, तर तो वापरणं आजच थांबव. बॅटरी टर्मिनलपासून हातभर अंतरात फ्यूज हवाच. गॅसचंही तसंच. जॉइंटवर साबणाचं पाणी लाव. बुडबुडा आला की सिलिंडर बंद, दारं उघडी आणि त्या दिवशी लेखी कळवायचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून गॅसच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी लागते. तुझ्या कप्प्याला नसेल तर ती गैरसोय नाही, धोका आहे. या दोन गोष्टींत अपॉइंटमेंटची वाट बघायची नसते. दाराला तोवर पट्टा बांध आणि मागे कुणाला बसवू नकोस. ते दार मुदलात कुलपाच्या जिभेचं काम आहे. चौकट बसली की जीभ आणि खाच एका रेषेत राहत नाहीत. अर्ध्या तासात होतं.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण आपल्या सोलापुरात गळती फसवते. इथे पाऊस मुळात कमी, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. नोव्हेंबरात घेतलेली गाडी जूनपर्यंत कोरडी राहते, मालक खूश, आणि गळती दिसेपर्यंत बॉडीची वर्षाची वॉरंटी अर्धी उलटलेली. वर आपलं ऊन. एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या वर पारा, छताचा पत्रा दिवसा फुगतो, रात्री आखडतो, आणि व्हेंटभोवती घाईने ओढलेलं साधं सिलिकॉन कडेने सुटतं. तुझं नशीब म्हणून वळवाच्या एका सरीत कळलं.

चाचणी अशी कर. साधा नळाचा पाइप घे, प्रेशर वॉशर नको. त्याच्या माऱ्याने चांगला जोडही पाणी घेतो आणि मग समोरचा म्हणायला मोकळा. एक जण आत, एक बाहेर. खालून वर जायचं : आधी खिडक्यांची खालची कड, मग वरची, मग छताचा कडेचा जोड, मग व्हेंट, सोलरच्या पट्ट्या, एसीची चौकट. प्रत्येक जागी दहा मिनिटं. वरून सुरुवात केलीस तर पाणी सगळीकडून ओघळेल आणि मूळ जागा सापडणार नाही. आतल्याने कोपऱ्याकोपऱ्यात टिश्यू पेपर चिकटवून बसायचं. पहिला कागद भिजला ती वेळ व्हिडिओत यायला हवी. नंतर व्हेंटभोवतीचा प्लाय अंगठ्याने दाबून बघ. दबला, किंवा ठोकल्यावर भदभद वाजला, तर पाणी आत मुरलंय. मग नुसता सीलंटचा नवा थर ही दुरुस्ती नव्हे. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढावं लागतं, कारण त्याच्या अवशेषावर दुसरं काहीही धरत नाही. खाली ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, आणि वर पॉलियुरेथेन सीलंट, आणि भिजलेला प्लाय बदलून. जॉबकार्डावर ‘सील केले’ असं लिहू देऊ नकोस. ‘जुने काढले, प्लाय बदलला, अमुक सीलंट लावले, पाण्याची चाचणी ग्राहकासमोर घेतली’ इतकं लिहायला लाव. तोंडी तक्रार ही तक्रार नव्हे, तशी तोंडी दुरुस्ती ही दुरुस्ती नव्हे.

आणि गावातल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून ‘तात्पुरतं’ काही करून घेऊ नकोस. पहिला हात त्याचा लागला की वॉरंटीवाले त्याच्याच नावाने बोटं मोडतील आणि पुरावाही जाईल. फार तर बाहेरून ताडपत्री बांध.

हे टोलवाटोलवीचं प्रकरण कसं संपवायचं? तिघांना एकच ईमेल. डीलर, चेसिस म्हणजे खालची मूळ गाडी बनवणाऱ्या कंपनीचा ग्राहक विभाग आणि बॉडी बिल्डर, तिघेही एकाच पत्त्याच्या ओळीत, म्हणजे एक काय म्हणतो ते दुसऱ्याला दिसेल. विषयात चेसिस नंबर आणि बिलाचा नंबर. खाली तारखांचा तक्ता : गाडी कधी दिली, कधी मिळाली, किती दिवस अडकली. पंधरा दिवसांची मुदत. तोच मजकूर स्पीड पोस्टाने, पोच घेऊन. फोन आला तर बोल, पण ठेवल्यावर दोन ओळी पाठव : ‘आत्ता बोलणे झाले त्याप्रमाणे गाडी शुक्रवारी ताब्यात देणार आहात.’ समोरच्याने खोडून काढलं नाही तर ते तुझ्या बाजूने पुरावा म्हणून राहतं. कायद्याने दुसऱ्यांचे भाग जुळवून वस्तू तयार करणाराही उत्पादकच धरला जातो, त्यामुळे ‘आम्ही फक्त बसवलं’ हे बॉडीवाल्याचं उत्तर चालत नाही.

कागदांत आणखी एक जोड. बॅटरी, एसी, फ्रिज, इन्व्हर्टर, प्रत्येकाचं स्वतंत्र वॉरंटी कार्ड आणि सिरियल नंबरचा फोटो. वॉरंटी डिलिव्हरीच्या तारखेपासून आहे की बॉडीवाल्याने माल घेतला त्या तारखेपासून, हे लेखी विचार. आरसीवरचा वाहनवर्ग आणि आसनसंख्या तपास, बॉडीच्या बांधणीची किंमत विम्याच्या रकमेत आहे का तेही. आणि वजनकाट्यावर एकदा रिकामी, एकदा दीडशे लिटर पाणी आणि सगळी माणसं घेऊन, पुढचा-मागचा ॲक्सल वेगवेगळा तोल. कारखान्यांच्या रस्त्यांवर काटे काय कमी आहेत? पावतीवरचं वजन आरसीवरच्या एकूण वजनाच्या वर गेलं तर तो आणखी एक दोष, आणि तो छापील पावतीवर आहे.

मुदतीत हलले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद कर, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तू राहतेस तिथे, म्हणजे सोलापुरातच तक्रार दाखल करता येते, बॉडीवाला पुण्याचा असला तरी. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. २० लाखांच्या वर शुल्क १००० रुपये, १० ते २० लाखांना ४००. मुदत दोन वर्षं. दोष सिद्ध करायला प्रयोगशाळेची तपासणी लागली तर आयोग ती मागवतो. म्हणूनच म्हटलं, गाडीला मिस्त्रीचा हात लागू देऊ नकोस.

तू लिहिलंस की मधल्या काळात अक्कलकोट-पंढरपूरच्या भाविकांना गाडी भाड्याने देऊन हप्ता काढावा म्हणतेस. देऊ नकोस. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ग्राहक ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवलेला स्वयंरोजगार तेवढा वगळलाय, तुझी नोकरी चालू असताना तो दावा टिकणार नाही. शिवाय परवाना नाही, अपघात झाला तर विमा हात वर करेल. हप्ताही थांबवू नकोस. बँकेला तुझ्या छताशी देणंघेणं नाही.

मला लोक भांडखोर म्हणतात, तुझ्या आईनेही तुला तसंच सांगितलं असेल. मी भांडत नाही. मी तारीख विचारतो, सही मागतो आणि पोच घेतो. आयुष्यात जिथे जिथे भिडेपोटी कागद मागितला नाही, त्या जागा मला अजून बोचतात. जिथे मागितला तिथली एकही नाही. कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं नव्हे. दोघांनाही उद्या तेच आठवावं, एवढीच सोय आहे ती. हे मी तीस वर्षं पटवून देतोय आणि अजूनही शिकली-सवरलेली मुलं ‘वाईट वाटेल का’ विचारतात.

सोमवारी गाडी न्यायची आहे ना? रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत ये, पाइप माझ्याकडे लांब आहे, चाचणी आपण इथेच घेऊ. ते ‘जनरल चेकअप’चं जॉबकार्ड, बिल आणि वॉरंटीचे सगळे कागद झेरॉक्ससकट आण. मीटर नवीन सेल घालून आण.

काका