भाव पडतील का, यावर भांडण्याआधी

घरांचे भाव पडणार की चढणार, हा वाद वर्षभर घातला तरी मिटणार नाही. पुण्या-मुंबईत भाव उघडपणे सहसा उतरतच नाहीत. बिल्डर चौरस फुटाचा दर तोच सांगतो, पण स्टॅम्प ड्युटी स्वतः भरतो, पार्किंग देतो, ताबा मिळेपर्यंत कर्जाचे हप्ते स्वतः भरतो. मंदी असते ती अशी. म्हणून दर विचारू नका, सगळं धरून एकूण किती ते विचारा. त्याच इमारतीत झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स-२, म्हणजे नोंदणी कार्यालयातले उतारे काढा, करारात नोंदलेली किंमत तिथे कळते.

मला खरी काळजी वाटते ती कर्जाची. ७५ लाखांच्या फ्लॅटला बँक फार तर ६० लाख देते. उरलेले १५ लाख तुमचे. वर पुण्यात ७ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे सव्वापाच लाख आणि नोंदणीचे ३० हजार. इथेच मंडळी पर्सनल लोन काढतात. कृपा करून काढू नका! ६० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता येतो सुमारे ५२ हजार, आणि पहिल्या महिन्यात त्यातले ४२,५०० रुपये नुसत्या व्याजात जातात. अशात भाव १५ टक्के उतरले, तर घर विकूनही पर्सनल लोन डोक्यावर राहू शकतं.

'भाडं म्हणजे पैसे पाण्यात' म्हणणाऱ्यांना हा व्याजाचा आकडा दाखवा. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवता येत नसतील, तर अजून वर्षभर भाड्याने राहा.