एक्स-रे एकच, मतं दोन

प्रश्न : हात टेकून पडलो. एका डॉक्टरांनी एक्स-रे पाहून ‘फ्रॅक्चर नाही’ सांगितलं, दुसऱ्यांनी मनगट तपासून प्लास्टर घालायला सांगितलं. अंगठ्याच्या बुडाशी दाबलं की कळ येते. कुणाचं ऐकू?

दुसऱ्यांचं. अंगठा ताणून वर केला की मनगटाजवळ एक खळगा पडतो. तिथे दुखत असेल तर स्कॅफॉइड हे छोटं, होडीसारखं हाड मोडल्याचा संशय धरायचाच, फिल्म कितीही स्वच्छ दिसो. या हाडाची चीर पहिल्या दिवशी अनेकदा दिसतच नाही. 10 ते 14 दिवसांत चिरेच्या कडा थोड्या झिजतात, फट रुंदावते, मग ती एक्स-रेत उमटते. एमआरआय झाला तर इतकं थांबावं लागत नाही. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकातून मिळतं. चीर तशीच राहिली तर मागचा तुकडा रक्ताविना मरू शकतो आणि मनगट कायमचं दुखतं. त्यापुढे दोन आठवड्यांचं प्लास्टर फुकट गेलं तरी मला चालेल.

प्रश्न : मुलगी 11 वर्षांची, पाय मुरगळला. एक डॉक्टर म्हणतात करंगळीमागचं हाड मोडलंय, दुसरे म्हणतात ती वाढीची रेघ आहे.

या वयात तिथे बहुधा वाढीचं केंद्र असतं. त्याची रेघ साधारण हाडाच्या लांबीला समांतर जाते, फ्रॅक्चरची बहुधा आडवी. पण नेमकी तीच जागा दाबल्यावर दुखते का, हे बघितल्याशिवाय मी निकाल देणार नाही. शंका उरलीच तर दुसऱ्या पायाचा एक्स-रे शेजारी लावून बघतात.

प्रश्न : एक्स-रेचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवून तिसरं मत घेऊ का?

नको. बारीक चीर त्यात हरवते. मूळ फाइल द्या, समोरून आणि बाजूने काढलेली, दोन्ही.

प्रश्न : आई 74 वर्षांची. घरात पडली, एक्स-रे नॉर्मल, पण पाय टेकवत नाही. एक डॉक्टर म्हणतात मुका मार आहे, चालवा. दुसरे एमआरआय सांगतात.

कृपा करून चालवू नका. खुब्याची न सरकलेली चीर एक्स-रेत लपू शकते आणि वजन पडलं की सरकते. मग साध्या स्क्रूवर भागलं असतं तिथे सांधा बदलायची वेळ येऊ शकते. एमआरआय आजच करा. तो शक्य नसेल तर सीटी स्कॅन. तोवर आईला अंथरुणातच राहू द्या.