कुत्र्याला आठवडाभर बोर्डिंगमध्ये ठेवायचंय. एसी आणि सीसीटीव्ही असलेलं बघावं का?

एसी-सीसीटीव्हीचं विचारलंत म्हणून लिहितोय. याच दोन गोष्टी बघून आम्ही शेरूला एका ठिकाणी 9 दिवस ठेवलं होतं.

खरं तर भुलला होता माझा मेहुणा. "अहो दाजी, फोनवर चोवीस तास कुत्रा दिसतो, अजून काय हवंय?" दिसायचा, खोटं कशाला बोलू. रोज त्याच कोपऱ्यात, दाराकडे तोंड करून. आम्ही म्हणायचो, बघा कसा शहाण्यासारखा बसलाय. खाण्याचं भांडं मात्र कॅमेऱ्याच्या टप्प्यात नव्हतं.

घरी आणल्यावर त्याची पिशवी उघडली. मी दोन वेळच्या मिळून 18 पुड्या बांधून दिल्या होत्या, प्रत्येकीवर वार लिहून. 11 परत आल्या. अंगाखाली घालायचा जुना टॉवेल तर मी मारलेल्या गाठीतच. फोन केला तर म्हणे, "नवीन जागी खात नाहीत हो." एखादा दिवस खात नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण 11 पुड्या म्हणजे साडेपाच दिवस! साधा मेसेज करता येत नाही?

घरी आल्यावर चौथ्या दिवशी खोकला सुरू. घशात हाड अडकल्यासारखा, शेवटी ओकारी. मी टॉर्च घेऊन जबड्यात हाड शोधतोय! डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बोर्डिंगला होता का?" केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा एकमेकांकडून लागणारा खोकला. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस लागू शकतात, त्यामुळे बोर्डिंगवाले "इथे तर ठणठणीत होता" म्हणून मोकळे. घेताना त्यांनी फक्त रेबीजचं सर्टिफिकेट बघितलं होतं. जे आपल्याकडे केनेल कफची लस मागत नाहीत, ते शेजारच्या पिंजऱ्यातल्याकडेही मागत नसणार, एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही.

तर तुम्ही काय करा, न कळवता जा आणि कुत्री झोपतात ती जागा दाखवा म्हणा. ऑफिसातूनच वाटेला लावलं तर दुसरीकडे बघा. रात्री तिथे कोण झोपतं, ते विचारा. कुत्र्याला मध्यरात्री उलट्या झाल्या तर कॅमेरा उठून बघणार नाही. आणि आधी एक रात्र ठेवून बघा, परत आल्यावर पिशवी तपासा.

लस घेऊनही खोकला होऊ शकतो, फक्त सहसा सौम्य असतो. ती निघायच्या आदल्या दिवशी टोचून काही उपयोग नाही, इंजेक्शनची असेल तर पहिल्या वेळी काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. हो, आणि तुमचा पग किंवा बुलडॉग असेल तर एसी मात्र बघाच. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उकाडा सोसत नाही.

मेहुणा अजून म्हणतो, बोर्डिंग चांगलंच होतं, तुमचा कुत्राच लाडावलेला. त्याच्याकडे कुत्रा नाही, मासे आहेत. तो बाहेरगावी गेला की त्यांना रोज चिमूटभर खाणं टाकायला मीच जातो.